कुंटेकाका, वय चोपन्न, नॉर्मल

जोशांच्या सुधाच्या लग्नात, पंगतीला, कुंटेकाकांनी श्रीखंडाच्या वाटीवर आडवा हात धरला. वाढपी म्हणाला, "काका, शुगर आहे का?"

"शुगर नाही," काका ताठ बसून म्हणाले. "परीक्षा आहे."

शेजारच्या पानावर मुलाकडचे एक गृहस्थ होते. त्यांनी सहानुभूतीनं विचारलं, "डिपार्टमेंटल का?"

"छे हो! फिजिओथेरपीची. परीक्षा पोरींची आहे, पण हाडं माझी आहेत."

एवढं बोलून काकांनी सदऱ्यावरूनच कमरेच्या दोन्ही बाजूंना बोटं टेकवली आणि त्या परक्या माणसाला भर पंगतीत सांगितलं, "हे बघा, अँटिरियर सुपिरियर इलियाक स्पाइन. कमरेचं टोक. इतकं स्वच्छ तुम्हाला सगळ्या वाशीत मिळणार नाही. श्रीखंडानं बुजतं." ते गृहस्थ मठ्ठा प्यायचे थांबले. नंतर मुलाकडच्यांनी सुधाच्या वडिलांना बाजूला घेऊन 'ते तुमच्या घरातले की शेजारी?' असं हळूच विचारलं म्हणे.

ते शेजारी. जोशांचेही आणि आमचेही. आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहायचे. आणि त्या परीक्षेला बसणाऱ्या पोरींपैकी एक मी.

हे सगळं माझ्या नापास होण्यापासून सुरू झालं. ऐंशीनंतरची पहिली दोन-चार वर्षं असतील. वाशी तेव्हा नुकती वसत होती. रस्ते रुंद आणि माणसं मोजकी. भरती आली की खाडीचा वास थेट बाहेरच्या खोलीत येऊन बसायचा. गिरगाव-दादरच्या दीड खोलीतून उठून आलेली आमच्यासारखी कुटुंबं, कुणी कोकणातली, कुणी देशावरची, सगळी एकमेकांना नवीन. मी रोज बसनं खाडीपूल ओलांडून मुंबईला कॉलेजात जायचे. फिजिओथेरपी म्हणजे काय, हे नातेवाइकांना सांगता सांगता आई थकली होती. "मालीश का?" असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "डॉक्टरसारखंच असतं हो, फक्त औषध देत नाहीत."

आम्हाला माणूस मोजायला शिकवत. पायाची लांबी, मांडीचा घेर, गुडघा किती वाकतो, श्वास घेतल्यावर छाती किती फुगते. त्यात पहिला नियम असा, की मोजण्याआधी माणसाला सरळ झोपवायचं आणि त्याचे दोन्ही पाय अगदी एकसारखे ठेवायचे. एक पाय ताठ आणि दुसरा जरा वाकलेला असेल तर टेप काहीही सांगते. नियम सोपा आहे. परीक्षेत माझ्यासमोर पांढऱ्या मिशांचे एक आजोबा आले आणि कॉटवर तिरके झोपले. मी ते जसे झोपले होते तसेच मोजले.

परीक्षक मॅडम म्हणाल्या, "पेशंट वाकडा झोपलाय. दिसतंय का तुला?"

"हो मॅडम."

"मग सरळ का नाही केलंस?"

"मॅडम, ते मोठे आहेत."

आजोबांनीच मान उचलली आणि म्हणाले, "मुलगी संस्कारी आहे हो." संस्कारी मुलगी नापास झाली.

सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा होती. त्यातही नापास झाले असते तर वर्ष गेलं असतं, आणि वर्ष गेलं असतं तर आईनं पुण्याचं एक स्थळ तयार ठेवलंच होतं. "तुला उगाच टेन्शन नको म्हणून सांगत नव्हते," असं म्हणून तिनं मला मुलाचा फोटोसुद्धा दाखवला. मुलगा वाईट नव्हता. पण मला फिजिओथेरपिस्ट व्हायचं होतं, आणि त्यासाठी एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या अंगाला न घाबरता हात लावायची सवय करायला हवी होती. बाबा पहिल्याच दिवशी बाद झाले. त्यांना गुदगुल्या व्हायच्या. टेप पोटाला लागली की ते खिदळत सुटायचे आणि छातीचं माप दर खेपेला वेगळं यायचं.

म्हणून आईनं कुंटेकाकांना विचारलं.

काका एकटे राहायचे. लग्न झालं नव्हतं. आई होती, ती वाशीला आल्यावर वर्षभरात गेली. बेलापूरच्या एका सरकारी ऑफिसात ते आवक-जावक बघायचे, म्हणजे आलेल्या टपालावर एक शिक्का आणि गेलेल्यावर दुसरा. अंगानं इतके बारीक, की शर्ट दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसायचा. आईनं चाचरत विषय काढला, तर काका म्हणाले, "वहिनी, इतक्या वर्षांत सरकारनं माझा काही उपयोग केला नाही. पोरी करत असतील तर करू देत."

पहिल्या दिवशी आमच्या बाहेरच्या खोलीत दार सताड उघडं ठेवून आई तांदूळ निवडत बसली. शेजारच्या बिल्डिंगमधली, माझ्याबरोबरच नापास झालेली माझी मैत्रीण कुमुद टेप घेऊन आली. बरोबर सहाला काका आले. पट्ट्यापट्ट्यांची हाफ पँट, नवा कोरा बनियन, केस पाणी लावून बसवलेले, मानेवर पावडर. काखेत एक छोटीशी उशी, तान्ह्या मुलाची असते तेवढी. अभ्र्यावर भरतकामाचा राघू. दारात चपला काढून ते पावलं जरा नाचवत दिवाणापर्यंत आले. ते घरात नेहमीच तसे चालत. आम्हाला वाटायचं, गडी उत्साही आहे.

आडवे होऊन त्यांनी ती उशी उजव्या गुडघ्याखाली सरकवली. "सवय आहे," म्हणाले. आम्ही मान डोलावली. मोठ्या माणसांना सवयी असतातच.

मग कुमुदनं मला ढकललं, मी कुमुदला ढकललं. पाच मिनिटं कुणीच हात लावेना. काका छताकडे बघत पडून होते. शेवटी छतालाच म्हणाले, "संकोच करू नये. अंग आहे, देव्हारा नव्हे."

हे वाक्य त्यांनी पुढे इतक्या वेळा म्हटलं की आईसुद्धा बाबांच्या पाठीला बाम चोळताना तेच म्हणायला लागली.

कुमुदनं डोळे मिटून कमरेवर बोट ठेवलं आणि किंचाळली, "अगं, लगेच सापडलं!" खरंच, काकांच्या अंगावर सगळं सापडायचं. पुस्तकात ज्या हाडांची नावं घोकून आम्ही रडकुंडीला यायचो, ती काकांच्या कातडीखाली नावानिशी बसली होती. मी कागद घेऊन वर इंग्रजीत लिहिलं आणि सवयीनं मोठ्यानं वाचलं, "सब्जेक्ट, पुरुष, वय चोपन्न, नॉर्मल."

काका उठून बसले. "शेवटी काय लिहिलंस?"

"नॉर्मल."

"परत वाच बघू."

मी परत वाचलं. ते हळूहळू पुन्हा आडवे झाले. त्या संध्याकाळपासून ते स्वतःला 'आपण नॉर्मल माणूस' म्हणायला लागले. दुधाच्या केंद्रावर, बसस्टॉपवर, कुठेही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून वाद पेटला होता तेव्हा ते उभे राहिले. "मी एक नॉर्मल माणूस म्हणून सांगतो, टाकी धुतलीच पाहिजे." बाकीचे सभासद एकमेकांकडे बघायला लागले. आपण काय आहोत, हे तोवर कुणी तपासून घेतलेलं नव्हतं.

पुढे पुढे काकांनी शरीराची इतकी काळजी घ्यायला सुरुवात केली की आम्हालाच धाक बसला. साजूक तूप सोडलं. भात कमी केला. पोटरीचा घेर वाढू नये म्हणून जिने जपून चढायला लागले. रविवारी सकाळी कांदा-बटाटा मार्केटात जाऊन गोणी तोलायच्या काट्यावर बसून यायचे आणि येताना आमच्या दारात डोकावून रिपोर्ट द्यायचे, "एक गोणी आणि वर थोडे सुटे कांदे. वाढ नाही." तिथला तोलणारा त्यांना ओळखायला लागला होता. एकदा वजन किलोभर जास्त भरलं तर त्यानं स्वतःहून सांगितलं, "काका, आज जरा ओला माल दिसतोय." काका त्या दिवशी जेवले नाहीत.

हाडांच्या जागा आम्ही पेननं अंगावर खुणा करून ठेवायचो. काका त्या पुसू देत नसत. "उद्या परत लागतील, उगाच शाई फुकट." त्यामुळे त्यांच्या मानेवर, मनगटावर, घोट्यावर कायम निळ्या फुल्या असायच्या. ऑफिसात साहेबांनी विचारलं तर म्हणाले, "सर, माझी आवक झाली आहे." हे सांगून ते स्वतःच इतके हसले की जिन्यात थांबावं लागलं.

कोळंबी विकायला यायची ती वाशीतल्याच जुहूगावची हिराबाय एकदा दारात थबकली. दिवाणावर काका, एका बाजूला टेप घेऊन मी, दुसऱ्या बाजूला कुमुद.

"काय गो ताय, या बाबाला रोज मोजताव कशाला? सदरा शिवाचा हाय का?"

"नाही हो हिराबाय, अभ्यास आहे," आई म्हणाली.

"अब्यास?" हिराबायनं काकांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "येवरा मोजून काय मिलनार? त्याला जरा खाया घाला, मंग मोजा." आणि टोपलीतली मूठभर कोळंबी तिनं फुकट काढून ठेवली. काकांनी ती आम्हालाच दिली. परीक्षेपर्यंत कोळंबी बंद होती.

काकांचा एक दोष मात्र होता. आमचं उत्तर चुकलेलं त्यांना सहन व्हायचं नाही. गुडघा वाकवायला सांगून मी कोनमापक लावायचे, शाळेतल्या कंपासमधल्यासारखाच असतो, फक्त त्याला दोन लांब दांड्या. मी आकडा सांगितला की ते विचारायचे, "पुस्तकात किती आहे?" मी सांगितलं की म्हणायचे, "आता बघ," आणि कण्हत कण्हत आणखी वाकवायचे. छाती मोजताना तर आधीच विचारून घ्यायचे, "किती पाहिजे?" आम्ही ओरडायचो, "काका, असं नसतं करायचं!" ते म्हणायचे, "अगं, घरच्या घरी काय एवढं!"

आणि एक हट्ट होता, नाडीचा. आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं, वॉर्डात घाई असेल तर पंधरा सेकंद मोजायची आणि चारनं गुणायचं. मी मनगट सोडलं की काका डोळे न उघडता म्हणायचे, "गुणाकार नको. पूर्ण मोज."

"काका, उत्तर तेच येतं."

"येत असेल. पण उरलेल्या पाऊण मिनिटात काय झालं ते तुला कुठं कळलं?"

मग मी पुन्हा तीन बोटं त्यांच्या मनगटावर ठेवायचे आणि पूर्ण मिनिट मोजायचे. तेवढा वेळ ते बोलायचे नाहीत. एरवी सतत बडबडणारा हा माणूस नाडीच्या वेळी मात्र देवळात बसल्यासारखा गप्प व्हायचा. कुमुद चलाख होती, ती पंधरा सेकंदांत उरकायची. तर काका तिच्यापुढे दुसरा हात करायचे. "हा राहिला." आम्हाला वाटायचं, सरकारी माणूस आहे, अर्धवट काम चालत नाही. आम्ही खूप हसायचो त्यावर.

परीक्षेच्या आदल्या दिवशी कुमुद मावशीकडे मुंबईला राहायला गेली. मी एकटीच होते. आई स्वयंपाकघरात. मी ठरवलं होतं की आज सगळं अगदी परीक्षेसारखं करायचं, पहिल्या वाक्यापासून. ते वाक्य मी बसमध्ये पाठ केलं होतं.

"काका, मी तुम्हाला जरा सरळ करते हं."

"कर की. पण मी सरळच आहे."

मी त्यांच्या दोन्ही टाचा धरून मध्यावर आणल्या. कमरेची दोन्ही टोकं एका रेषेत आणली. न अडखळता जमलं याचा मला आनंद झाला. आणि मग माझी नजर त्या उशीवर गेली. सहा महिने ती उजव्या गुडघ्याखाली होती. कितीदा तरी खाली पडलेली मीच उचलून काकांना दिली होती. दोन्ही पाय एकसारखे ठेवायचे, हा नियम रोज म्हणत होते आणि रोज एका गुडघ्याखाली उशी ठेवून मोजत होते. काकांची उशी कशी काढायची!

"काका, उशी काढावी लागेल."

"ती असू दे."

"उद्याच्या पेशंटला उशी नसेल."

"तो त्याचा प्रश्न. माझी सवय आहे ती."

आवाज जरा कडक होता. काकांनी मला कधी असा आवाज लावला नव्हता. एरवी मी तिथेच थांबले असते. पण मला ते पांढऱ्या मिशांचे आजोबा आठवले, पुण्याच्या मुलाचा फोटो आठवला, आणि मी उशी ओढून काढली.

उजवा पाय लांब झाला. मी टेप लावली. मग डाव्या पायाला लावली. डावा चांगला दोन बोटं कमी भरला. मी पुन्हा मोजलं. तेवढाच. तिसऱ्यांदा मोजताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. उद्या परीक्षा आणि आज मला साधा पाय मोजता येत नव्हता.

"मला येत नाहीये, काका."

काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग छताकडे बघत म्हणाले, "तुझं बरोबर आहे. पाय चुकलाय."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि असा राग आला की विचारू नका. "म्हणजे इतके दिवस तुम्ही उशी घेऊन... काका, मी उद्या नापास झाले असते तुमच्यामुळे! आणि गुडघा? तो तरी खरा आहे का? आणि छाती?"

"गुडघा खरा आहे," काका पडल्या पडल्या म्हणाले. "छातीला थोडी मदत केली."

"किती?"

"सेंटिमीटरभर असेल."

मी टेप दिवाणावर टाकून दिली. काका उठून बसले, उशी मांडीवर घेतली आणि तिच्यावरच्या राघूवरून बोट फिरवत सांगायला लागले. लहानपणी गावी वाडीतल्या फणसावरून पडले. मांडीचं हाड मोडलं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, हाड जुळलं, पण आखूड जुळलं. तेव्हापासून डाव्या चपलेत कापडाची घडी घालून चालतात. घरात चप्पल नसते, म्हणून चवडा टेकून चालतात. ते ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन भावी फिजिओथेरपिस्ट रोज त्या माणसाला दारातून आत येताना बघत होत्या आणि म्हणत होत्या, गडी उत्साही आहे.

"मुली बघायला जायचो ना," काका म्हणाले, "तेव्हा मी अर्धा तास आधी जाऊन बसायचो. बसलेला मी बरा दिसतो. पोहे व्हायचे, प्रश्न व्हायचे, सगळं झकास. आईला वाटायचं, जमलं. मग निघायची वेळ व्हायची."

"मग?"

"मग उठायला लागायचं ना!"

हे सांगून ते हसले, ऑफिसातला आवकेचा विनोद सांगून हसले होते तसेच. मला हसू आलं नाही. मी विचारलं, "पण आमच्यापासून कशाला लपवलंत? आम्ही काय तुम्हाला बघायला आलो होतो?"

"तूच लिहिलंस की, नॉर्मल. मला वाटलं, एक पाय कमी निघाला तर तुम्ही दुसरा माणूस बघाल. तुम्हाला काय, वाशीत रोज नवीन माणसं येतायत राहायला." मग घाईघाईनं म्हणाले, "असो. उद्या त्याला सरळ कर. घाबरू नकोस. अंग आहे..." आणि पुढचं न बोलताच उशी काखेत मारून निघाले. दारात चपला घालताना त्यांनी डावी चप्पल आधी नीट बघितली. ते गेल्यावर माझ्या लक्षात आलं, आज नाडी राहिली.

दुसऱ्या दिवशी परीक्षेत माझ्या वाट्याला एक निवृत्त हवालदार आले. पोट असं, की कमरेचं टोक शोधायला खणावं लागावं. तेही तिरकेच झोपले. माझा पाय वाकडा ठेवतो, कोण काय करतं बघू, असा त्यांचा एकूण चेहरा होता. मॅडम त्याच होत्या, मागच्या वेळच्या.

"आजोबा, मी तुम्हाला सरळ करते."

"असू दे, मी आरामात आहे."

"आराम नंतर. संकोच करू नका, अंग आहे, देव्हारा नव्हे."

मॅडमनी तोंडासमोर फाइल धरली. हवालदार मुकाट्यानं सरळ झाले. मी दोन्ही टाचा जुळवल्या, खणून खणून टोक शोधलं, टेप लावली. नाडी धरल्यावर मॅडम म्हणाल्या, "पंधरा सेकंद पुरे." मी म्हटलं, "पूर्ण मोजते, मॅडम." आणि पूर्ण मोजली. पास झाले, चांगली पास झाले. आईनं पुण्याचा फोटो पाकिटात घालून परत पाठवला.

निकाल लागला त्या संध्याकाळी मी पेढ्यांचा बॉक्स घेऊन खाली गेले. मधले तीन आठवडे काका वर आले नव्हते. येण्याचं कारणच नव्हतं. परीक्षा झाली होती, कुमुदही मोकळी झाली होती, आणि आम्ही दोघींनी त्या दिवसांत काकांचा एकदाही विचार केला नव्हता, हे मला त्यांची बेल दाबताना जाणवलं. लाज वाटली.

काकांनी दार उघडलं. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पायजमा. मानेवरच्या, मनगटावरच्या निळ्या फुल्या गेल्या होत्या. अंघोळीनं धुऊन गेल्या असणार, पण मला ते मनगट उघडंबोडकं वाटलं. खोलीत एक खुर्ची होती आणि खुर्चीवर ती उशी. बाकी सगळं जागच्या जागी.

"पास!" मी म्हटलं आणि पाया पडले. ते दोन पावलं मागे सरकले, "अगं हो, हो, पुरे." पाया पडताना मी वाकले तेवढीच, माझा हात काही त्यांच्या पायापर्यंत गेला नाही. आपण असाच नमस्कार करतो मोठ्यांना, हवेतल्या हवेत.

"त्याला सरळ केलंस?"

"केलं."

"शाब्बास." काकांनी पेढा घेतला, सबंध तोंडात टाकला, डोळे मिटून खाल्ला. मी त्यांना गोड खाताना पहिल्यांदाच बघत होते. खाऊन झाल्यावर म्हणाले, "बरं झालं. आता खायला हरकत नाही. हाडं दिसायची आता काही गरज नाही." आणि त्यांनी दुसरा पेढा उचलला.

ते हसतच बोलले होते. पण माझी नजर पुन्हा त्या मनगटावर गेली. दुसऱ्याचा हात अंगाला लागायला या माणसाला कुणी उरलेलंच नव्हतं. त्याची आई डोक्याला तेल लावत असेल, ती गेली. ऑफिसात कागद हातात देतात. शेजारी लांबून नमस्कार करतात. सहा महिने रोज सहा वाजता कुणीतरी त्याच्या मनगटावर बोटं ठेवायचं, आणि तो म्हणायचा, गुणाकार नको. मला आता रडू येईल असं वाटलं आणि मी ते आवरलं, कारण काका घाबरले असते.

"काका, हात द्या."

"आता कशाला?"

"त्या दिवशी राहिली होती."

त्यांनी पेढा डाव्या हातात घेतला आणि उजवा पुढे केला. मी उभ्या उभ्या तीन बोटं ठेवली. काकांनी डोळे मिटले. मिनिट झालं, तरी मी मनगट सोडलं नाही. त्यांनीही ते ओढून घेतलं नाही. मग मी म्हटलं, "रविवारी ज्युनियरच्या चार मुली येणार आहेत. त्यांनाही पाय मोजायचे आहेत."

काकांनी डोळे उघडले. "त्यांना सांगितलंस का, माझा..."

"म्हणून तर येतायत. सारख्या पायांची माणसं कुठेही मिळतात हो. आखूड पायाचं माणूस शोधत वॉर्डावॉर्डात फिरावं लागतं."

त्या चार मुलींना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना मी दुसऱ्या दिवशी कॉलेजात गाठून सांगणार होते, आणि नाही म्हणाल्या असत्या तर ओढून आणणार होते.

"म्हणजे नॉर्मल नकोय?" काकांनी विचारलं.

"नकोय. तुम्ही पाहिजे आहात."

त्यांचा हात अजून माझ्या हातातच होता.

"पण मोजणार ते कमरेच्या टोकापासूनच ना?"

"तिथूनच."

काकांनी डाव्या हातातला पेढा परत बॉक्समध्ये ठेवला, बरोबर त्याच्या जागी, आणि झाकण लावलं.